कॅम्पसवरच्या वादविवादांना आणि धोरणचर्चांना जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात सार्वजनिक धोरणांवर काही कार्यक्रम ठरला की तीच ती विचारणा सुरू होते: आम्ही आलो तर चालेल का, आम्हाला काही कळेल का, प्रश्न विचारला तर हसं तर होणार नाही ना? अशा कार्यक्रमांचं सूत्रसंचालन मी बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे ही उत्तरं देण्याची वेळ माझ्यावर पुन्हा पुन्हा येते. ती इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. सगळ्या उत्तरांमागे माझा आग्रह एकच आहे, की श्रोत्याने तयारीने यावं. वक्ते कितीही मोठे असोत, चर्चा किती खोल जाणार हे समोर बसलेल्यांवर ठरतं.

मी अर्थशास्त्राची किंवा राज्यशास्त्राची विद्यार्थिनी नाही. मला त्यातलं काय कळणार?

पुष्कळ कळेल, आणि कदाचित वक्त्यांना सुचलं नाही ते तुम्हाला सुचेल. किमान वेतनावरच्या एका चर्चेत दोन अभ्यासक तासभर एकाच मुद्द्यावर झुंजत होते: वेतन वाढवलं तर नोकऱ्या जातात की नाही. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. तो संध्याकाळी एका दुकानात अर्धवेळ काम करत होता. त्याने विचारलं, "पगार वाढला की आमचे मालक कोणाला काढत नाहीत, तास कमी करतात. तुम्ही मोजल्या त्या नोकऱ्या की कामाचे तास?" दोन्ही अभ्यासकांनी आपापले कागद चाळायला घेतले.

त्या मुलाला ठाऊक नव्हतं, पण त्याने या विषयातल्या खऱ्या वादावर बोट ठेवलं होतं. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९९२ मध्ये किमान वेतन वाढवलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथली फास्ट फूडची दुकानं शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या दुकानांशी ताडून पाहिली. वेतनवाढीमुळे नोकऱ्या घटल्याचं त्यांना दिसलं नाही, आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने अर्थशास्त्रात मोठी खळबळ उडवली. पुढे २०१७ मध्ये सिएटल शहराच्या वेतनवाढीवर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने काम केलं. त्यांनी तास मोजले, तर कमी पगाराच्या कामांमध्ये तास सुमारे ९ टक्क्यांनी घटल्याचं त्यांच्या हाती आलं. त्याच शहरातल्या उपाहारगृहांवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या गटाने केलेल्या अभ्यासात मात्र रोजगार घटलेला दिसला नाही. काय मोजायचं यावर उत्तर किती फिरतं ते पाहा. त्या मुलाने हे कुठेही वाचलं नव्हतं. त्याच्याकडे स्वतःचा अनुभव होता आणि तो नेमक्या शब्दांत मांडण्याची हिंमत होती.

वादविवाद, परिसंवाद, चर्चासत्र, खुली चर्चा. यात फरक काय?

वादविवादात एक ठराव असतो, दोन बाजू असतात आणि बहुधा शेवटी निकाल लागतो. परिसंवादात तीन-चार जण एकाच विषयावर आपापल्या अंगाने बोलतात. त्यांच्यात मतभेद असतीलच असं नाही. चर्चासत्रात निबंध वाचले जातात आणि ऐकणारे बरेचसे त्याच विषयातले असतात. खुल्या चर्चेत एखादा अधिकारी किंवा लोकप्रतिनिधी बसतो आणि लोक थेट त्याला विचारतात. नवख्याने सुरुवात वादविवादाने करावी, कारण तिथे निदान दोन बाजू तरी समोर येण्याची हमी असते.

स्पर्धेतला वादविवाद पाहायला गेलो, पण कोण कोणाच्या बाजूने हेच कळेना.

बहुतेक ती ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धत असावी. जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धा याच पद्धतीने होते. तिची सुरुवात १९८१ मध्ये ग्लासगोत झाली. चार संघ असतात, प्रत्येकात दोन वक्ते. दोन संघ ठरावाच्या बाजूने, दोन विरोधात. गोंधळ होतो तो इथेच, कारण एकाच बाजूचे दोन संघसुद्धा एकमेकांशी स्पर्धा करत असतात. दुसऱ्या संघाला पहिल्याला खोटं पाडता येत नाही, पण त्याच्याहून वेगळा आणि वजनदार मुद्दा आणावाच लागतो. प्रत्येकाला साधारण ७ मिनिटं मिळतात. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या वेळात समोरच्या बाजूचं कोणीही उठून छोटी हरकत घेऊ शकतं. ती ऐकायची की हातानेच बसवायचं हे बोलणाऱ्याने ठरवायचं. विषय जाहीर झाल्यावर तयारीला १५ मिनिटं असतात आणि त्या वेळात इंटरनेट बंद. म्हणून तिथे आकडेवारीपेक्षा तर्कावर भर दिसेल.

म्हणजे वक्ता जे बोलतो ते त्याचं खरं मत नसतंच?

स्पर्धेत बाजू वाटून दिलेली असते, त्यामुळे नसेलही. यावर बरेच जण नाराज होतात. मला ही प्रथा चांगली वाटते. ज्या बाजूवर आपला विश्वास नाही ती तासभर मनापासून मांडून पाहिली की तिच्यातली ताकद कळते. पण हे स्पर्धेपुरतं. धोरणावरच्या जाहीर चर्चेत वक्ता स्वतःच्या नावाने बोलत असतो आणि तिथे त्याने आपल्या शब्दांची जबाबदारी घ्यायलाच हवी. त्या चर्चेत त्याचा काही आर्थिक संबंध गुंतला असेल, म्हणजे ज्या उद्योगावर बोलतो त्याचा तो सल्लागार असेल, तर तेही आधी सांगितलं गेलं पाहिजे. सांगितलं नाही तर विचारा. त्यात आगाऊपणा काही नाही.

जाण्याआधी काय वाचू?

एकच गोष्ट वाचायला वेळ असेल तर ज्या कायद्यावर किंवा योजनेवर चर्चा आहे तिचा मूळ मसुदा उघडा. बातम्या आणि लेख नंतर. मसुदा सगळा वाचायची गरज नाही. सुरुवातीच्या व्याख्या वाचा, कारण लहान उद्योग कोणता, रहिवासी कोण, सार्वजनिक जागा कोणती हे तिथे ठरतं आणि कायदा कोणाला लागू होणार तेही. मग दंडाचं कलम. मग पैशाची तरतूद. एवढं वाचून आलेला श्रोता सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या पुढे असतो, आणि कधी कधी एखाद्या वक्त्याच्याही.

त्यानंतर स्वतःला विचारून पाहा: फायदा कोणाला, खर्च कोणाच्या खिशातून, राबवणार कोण, आणि फसलं तर कळणार कसं? यातला तिसरा प्रश्न लोक सर्रास विसरतात, म्हणून त्याचं एक उदाहरण देते. २००२ मध्ये दोन देशांनी प्लास्टिकच्या पिशव्यांवर उपाय केला. आयर्लंडने दर पिशवीमागे १५ सेंटांचा कर लावला. तो गिऱ्हाइकाने दुकानातच भरायचा आणि दुकानदाराने एरवीच्या करविवरणांबरोबर सरकारजमा करायचा. पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून जास्त घटला. बांगलादेशात पुराच्या वेळी पातळ पिशव्यांनी गटारं तुंबत होती, म्हणून तिथे सरळ बंदी आली. बंदीचा शब्द कराहून कितीतरी कडक. पण ती पाळली जाते की नाही हे बघायला प्रत्येक बाजारात माणूस हवा होता, तो नव्हता, आणि पिशव्या हळूहळू परतल्या. कर बरा की बंदी बरी असा वाद चालू असेल तेव्हा "अंमलबजावणी कोणत्या यंत्रणेमार्फत?" एवढंच विचारलं तरी चर्चा हवेतून जमिनीवर येते.

माझं मत पक्कं आहे. मग ऐकायला कशाला जाऊ?

पक्क्या मताच्या माणसानेच जावं असं मी म्हणेन. आपल्याकडच्या जुन्या वादपरंपरेत याची फार चांगली शिस्त होती. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं शक्य तितक्या भक्कम रूपात सांगायचं, आणि मगच आपला उत्तरपक्ष. तर्कशास्त्रावरच्या न्यायसूत्र या प्राचीन ग्रंथाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडत राहायचं ती वितंडा. ऐकताना समोर यातलं काय चाललं आहे ते ओळखायचा सराव करा. वक्ता विरोधी मत सांगतो आहे ते त्या मताच्या माणसाला मान्य होईल अशा शब्दांत, की झोडपायला सोपं जावं म्हणून वाकडं करून? हे एकदा दिसायला लागलं की टाळ्यांचं वाक्य आणि मुद्द्याचं वाक्य आपोआप वेगळं ऐकू येतं.

घरी गेल्यावर विरोधी बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा चार ओळींत लिहून काढा. लिहिता आला नाही तर तुम्ही ती बाजू ऐकलीच नाही असं समजा.

मत बदलण्यात कमीपणा वाटण्याचंही कारण नाही. स्टॉकहोममध्ये शहराच्या मध्यभागी येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावायचं ठरलं तेव्हा बहुसंख्य लोक विरोधात होते. जानेवारी ते जुलै २००६ असं सात महिने ते प्रायोगिक म्हणून लावून पाहिलं. वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. सप्टेंबरमध्ये शहरात सार्वमत झालं तेव्हा कौल शुल्काच्या बाजूने गेला आणि २००७ पासून ते कायम झालं. प्रयोग करून पाहू, मोजू आणि मग ठरवू, असं म्हणणारा एखादा वक्ता चर्चेत असेल तर त्याचं म्हणणं जास्त लक्ष देऊन ऐका.

वक्ते धडाधड आकडे फेकतात. खरं-खोटं कसं ओळखायचं?

जागच्या जागी खरं-खोटं ठरवणं अवघड असतं. मात्र आकडा कशासाठी वापरला आहे हे तिथेच कळू शकतं. बेरोजगारी ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेली तर एक जण म्हणेल फक्त एका टक्क्याचा फरक, दुसरा म्हणेल तब्बल २५ टक्के वाढ. दोघांचं गणित बरोबर आहे. महागाईचा दर ६ वरून ४ वर आला याचा अर्थ वस्तू स्वस्त झाल्या असा होत नाही. त्या महागच होत आहेत, फक्त वेग कमी झाला. "इतके हजार कोटी खर्च केले" हे ऐकलं की दरडोई किती, किती वर्षांत, आणि ती तरतूद होती की प्रत्यक्ष खर्च, हे विचारायचं. अंदाजपत्रकातली रक्कम आणि वर्षअखेर खर्च झालेली रक्कम यांत मोठं अंतर असू शकतं. सरासरीपासूनही सावध राहा. एका खोलीत नऊ जण महिना २० हजार आणि एक जण २० लाख कमावत असेल तर सरासरी दोन लाखांच्या वर जाते, पण त्या खोलीतल्या कोणालाही तेवढा पगार नसतो.

आणि कोणताही आकडा ऐकला की लगेच मनात यावं: कशाच्या तुलनेत?

नोंदी कशा घ्यायच्या?

कागद मधोमध दुमडा. डावीकडे एका बाजूचे मुद्दे, उजवीकडे दुसऱ्या बाजूचे, आणि उत्तर ज्या मुद्द्याला दिलं त्याच्या समोर लिहायचं. वाक्यं उतरवू नका, दोन-तीन शब्द पुरतात. कार्यक्रम संपेपर्यंत काही ओळींच्या समोरची जागा कोरी राहिलेली दिसेल. त्या मुद्द्यांना कोणी उत्तरच दिलेलं नाही. तुमचा प्रश्न बहुधा त्या कोऱ्या जागेतच सापडतो. हे कागदावर करा. मोबाइल उघडला की लक्ष दुसरीकडे जातं.

प्रश्न विचारायचा असतो, पण माइक हातात आला की सगळं विसरायला होतं.

प्रश्न लिहून ठेवा आणि सरळ वाचून दाखवा. वाचण्यात लाजायचं काही नाही. हात थरथरत असताना, आवाज कापत असताना विचारलेले उत्तम प्रश्न मी ऐकले आहेत.

प्रश्न कसा असावा यावर मात्र जरा सविस्तर सांगते, कारण चांगल्या चर्चेचा विचका बहुतेक वेळा याच वीस मिनिटांत होतो. समजा गाड्यांवरच्या शुल्कावर चर्चा आहे. एक जण माइक घेतो: "मला दोन मुद्दे मांडायचे आहेत आणि मग एक प्रश्न. पहिलं म्हणजे सर्वसामान्य माणूस आधीच करांनी पिचलेला आहे. दुसरं म्हणजे आपल्याकडे रस्त्यांची अवस्था काय आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तर अशा परिस्थितीत हे शुल्क योग्य आहे का, याबद्दल तुमचं काय मत आहे?" दोन मिनिटं गेली. वक्त्याने तासभर जे सांगितलं तेच तो पुन्हा सांगणार, कारण प्रश्नाने त्याला कुठे अडवलेलंच नाही.

आता हाच विषय असा विचारून पाहा: "शुल्काने गर्दी २० टक्क्यांनी कमी झाली असं तुम्ही म्हणालात. ती मोजणी शुल्क लागल्यावर किती महिन्यांनी केली होती, आणि हद्दीबाहेरच्या रस्त्यांवर वळलेली वाहनं तिच्यात धरली होती का?" पंधरा-वीस सेकंदांचं काम. वक्त्याचंच वाक्य उचललं आहे, विचारलेली गोष्ट एकच आहे, आणि उत्तर टाळलं तर ते टाळल्याचं सगळ्यांना दिसेल. तुम्ही शुल्काच्या बाजूचे की विरोधातले हे त्या प्रश्नावरून कळतसुद्धा नाही.

धोरणावरच्या चर्चेत हमखास उपयोगी पडणारे आणखी काही प्रश्न आहेत. "तुमचं मत चुकीचं ठरवायला कोणता पुरावा पुरेसा होईल?" हा मला सगळ्यात आवडतो. प्रामाणिक वक्ता क्षणभर थांबून विचार करतो आणि त्या थांबण्यातूनही बरंच कळतं. "या धोरणात कोणाचं नुकसान होणार आहे, आणि त्यांची भरपाई कशी?" हाही चांगला, कारण नुकसान कोणाचंच होत नाही असं धोरण जवळजवळ नसतं. शेवटी, मत द्यायचं असेल तर मत म्हणूनच द्या. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. "हा प्रश्न नाही, छोटी टिप्पणी आहे" असं सांगून अर्ध्या मिनिटात आटोपलं तर कोणी अडवत नाही.

दर वेळी तेच चार-पाच जण प्रश्न विचारतात. बाकीच्यांना संधीच मिळत नाही.

ही तक्रार रास्त आहे आणि तिची मोजदादही झाली आहे. १० देशांतल्या ३५ संस्थांमधली जवळपास अडीचशे व्याख्यानसत्रं पाहून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सभागृहात बायका आणि पुरुष साधारण बरोबरीने बसलेले असले तरी प्रश्न विचारण्याचं प्रमाण पुरुषांमध्ये अडीचपटीहून जास्त होतं. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढे ही तफावत वाढलेली दिसली. इतिहासही फार जुना नाही. १८२३ मध्ये स्थापन झालेल्या ऑक्सफर्ड युनियनने, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांच्या वादविवाद संस्थेने, स्त्रियांना पूर्ण सभासदत्व दिलं ते १९६३ मध्ये.

सूत्रसंचालकाला यावर बरंच करता येतं. पहिला माइक एखाद्या मुलीकडे किंवा मागच्या रांगेकडे द्यायचा. प्रश्नोत्तरांआधी दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायला द्यायची, म्हणजे संकोच गळतो. चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवायचे. एकदा विचारलेल्याला सगळ्यांचं झाल्यावरच दुसरी संधी. तुम्ही श्रोत्यांत असाल तर हात लवकर वर करा आणि वरच ठेवा. आणि या सूचना आयोजकांना आधी कळवा. एका निरोपाने फरक पडलेला मी पाहिला आहे.

वक्त्याची मतं मला अत्यंत चुकीची, संतापजनक वाटतात. जाऊन घोषणा द्याव्यात का?

यावर माझं मत ठाम आहे. बाहेर फलक घेऊन उभं राहणं, मध्येच शांतपणे उठून निघून जाणं, कठोरात कठोर प्रश्न विचारणं, त्याच संध्याकाळी विरोधी सभा घेणं हे सगळं तुमच्या हक्काचं आहे. पण आरडाओरडा करून भाषण बंद पाडलं तर ऐकायला आलेल्या दुसऱ्यांचा हक्क हिरावला जातो, आणि भाषण न करताच वक्त्याला सहानुभूती मिळते. शिकागो विद्यापीठाच्या समितीने २०१५ मध्ये यावर एक निवेदन काढलं आणि नंतर इतर अनेक विद्यापीठांनी तसंच धोरण स्वीकारलं. त्याचा गाभा हाच आहे: न पटणाऱ्या विचारांपासून लोकांना वाचवत बसणं हे विद्यापीठाचं काम नाही, आणि विरोध करणाऱ्याला दुसऱ्याच्या बोलण्यात अडथळा आणण्याची मुभाही नाही.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवायला हव्यात. सभागृहातल्या कोणाला धमकावणं किंवा त्याच्यावर हात उचलायला चिथावणं हे मत नव्हे, आणि ते तिथल्या तिथे थांबवणं सूत्रसंचालकाचं कर्तव्य आहे. दुसरं असं, की जिथे तुमच्याच समाजाच्या किंवा तुमच्याच जगण्याच्या योग्यतेवर चर्चा लावली आहे तिथे हजर राहण्याची सक्ती तुमच्यावर कोणीही करू शकत नाही. उत्तर द्यायचं ओझं प्रत्येक वेळी त्याच माणसांच्या खांद्यावर का असावं?

व्यासपीठावर सगळे एकाच मताचे असतील तर?

मग ती धोरणचर्चा राहत नाही, प्रचारसभा होते. तरी जा, आणि गैरहजर बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा प्रश्न म्हणून विचारा, स्वतःला तो पटत नसला तरी. वक्त्यांनाही त्याचा उपयोग होतो.

शेवटी मतदान घेतात. त्याला काही अर्थ असतो का?

अर्थ असतो, पण लोक समजतात तो नव्हे. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ऑक्सफर्ड युनियनने ठराव संमत केला की हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजासाठी आणि देशासाठी लढणार नाही. २७५ विरुद्ध १५३. जगभर त्याची बातमी झाली. सहा वर्षांनी महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्याच पिढीतले असंख्य तरुण सैन्यात गेले. त्या मतदानातून पहिल्या महायुद्धानंतरची युद्धाची शिसारी कळते, भविष्य कळत नाही. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी केंब्रिज युनियनमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन आणि पुराणमतवादी संपादक विल्यम बकली समोरासमोर आले. अमेरिकेचं स्वप्न तिथल्या कृष्णवर्णीयांच्या जिवावर उभं आहे का, हा विषय. बाल्डविन यांची "होय"ची बाजू ५४४ विरुद्ध १६४ मतांनी जिंकली. बाल्डविन यांचं भाषण आजही ऐकलं जातं ते त्या मतांसाठी नव्हे, त्यातल्या युक्तिवादासाठी.

मतदान आधी आणि नंतर असं दोनदा घेतलं तर ते जास्त बोलकं होतं. आधी ६० टक्के बाजूने होते आणि नंतर ५२ राहिले, तर ठराव संमत झाला तरी मन वळवण्यात विरोधक सरस ठरले. तुमच्याकडे एकदाच मतदान होत असेल तर दोनदा घ्या असं सुचवा. आणि पहिल्या वेळी "अजून ठरलेलं नाही" असं सांगायला मुळीच कचरू नका.

चर्चेचं रेकॉर्डिंग करून टाकलं तर चालेल?

आधी विचारा. काही बैठका चॅटहॅम हाउसच्या नियमाने होतात. लंडनच्या त्या संस्थेने १९२७ मध्ये केलेला हा नियम सांगतो की ऐकलेली माहिती वापरा, पण ती कोणी सांगितली, तिथे कोण कोण होतं हे उघड करायचं नाही. अधिकारी मोकळेपणी बोलावेत म्हणून तो असतो. कार्यक्रम जाहीर असला तरी प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा परस्पर टाकू नये. वक्त्याचं वाक्य द्यायचं असेल तर मागचं-पुढचं वाक्यही द्या. अर्धं वाक्य कापून फिरवणं ही लबाडी आहे.

घरबसल्या ऑनलाइन पाहिलं तर?

काहीच नसण्यापेक्षा बरं, आणि ज्यांना येणं शक्य नाही त्यांच्यासाठी ते असलंच पाहिजे. पण जाणं शक्य असेल तर जा. १८५८ मध्ये अमेरिकेत सिनेटच्या जागेसाठी लढणाऱ्या अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्या समोरासमोर सात सभा झाल्या. त्यातली एक गेल्सबर्गला नॉक्स कॉलेजच्या इमारतीसमोर होती. पहिला वक्ता एक तास, दुसरा दीड तास, मग पहिल्याला आणखी अर्धा तास. हजारो लोक तीन तास ऐकत होते, विषय होता गुलामगिरी. खोलीत बसल्यावर न पटणारा मुद्दाही शेवटपर्यंत ऐकावा लागतो. पडद्यावर तो पुढे सरकवता येतो, आणि आपण नेमका तोच सरकवतो.

या सगळ्याने धोरण बदलतं का?

एका संध्याकाळच्या कार्यक्रमाने थेट बदलत नाही. पण माहिती घेऊन, दोन्ही बाजू ऐकून, छोट्या गटात बोलून सामान्य माणसं काय ठरवतात याला वजन येऊ शकतं. आयर्लंडचंच उदाहरण पुन्हा देते. तिथल्या नागरिक सभेत सोडतीसारख्या पद्धतीने निवडलेले ९९ नागरिक आणि एक अध्यक्ष होते. गर्भपातावरच्या घटनात्मक बंदीवर त्यांनी तज्ज्ञांना ऐकलं, प्रश्न विचारले, चर्चा केली आणि शिफारशी केल्या. मे २०१८ मध्ये सार्वमत झालं आणि ६६.४ टक्के मतांनी ती बंदी उठली. शिफारशी बऱ्याच जणांच्या अपेक्षेपेक्षा पुढे गेलेल्या होत्या, आणि जनतेचा कौलही त्याच दिशेने आला.

तुमच्या पातळीवर करण्यासारखी गोष्ट अशी. अनेक ठिकाणी कायद्याचे किंवा नियमांचे मसुदे लोकांच्या हरकती-सूचनांसाठी ठराविक मुदतीपुरते खुले असतात. चर्चा ऐकून आलेल्या पाच-सहा जणांनी दोन दिवसांत एकत्र बसून दोन पानी सूचना पाठवावी: कोणतं कलम, त्यात अडचण काय, त्याऐवजी कोणते शब्द. "आमचा विरोध आहे" असं सांगणाऱ्या शेकडो पत्रांपेक्षा पर्यायी शब्द सुचवणारं एक पत्र मसुदा करणाऱ्याच्या जास्त कामाचं असतं.

कार्यक्रम संपल्यावर वक्त्यांशी बोलायला गेलं तर चालतं का?

चालतं, आणि जाच. खरी कबुली बऱ्याचदा माइक बंद झाल्यावरच मिळते, की अमुक मुद्द्यावर माझी बाजू कच्ची आहे, तमुक अहवाल वाचा. एकच प्रश्न विचारा, मागे उभ्या असलेल्यांना जागा द्या, आणि ज्या अहवालाचं नाव सांगितलं ते तिथेच लिहून घ्या. नंतर चार ओळींचा मेल करून तो अहवाल मागितला तर बहुतेक जण पाठवतात.